लेथवर तुटलेलं पेन आधीच बिघडलेलं असतं: रेझिनकामातल्या या चुका टाळा

गेल्या श्रावणात भाच्यासाठी पेन करायला घेतलं. अर्धं सागाचं, अर्धं निळ्या रेझिनचं. रेझिन म्हणजे हार्डनर मिसळून साच्यात ओतायचं द्रव प्लास्टिक; ते घट्ट झालं की ठोकळा लेथ यंत्रावर गरागरा फिरवत पटाशीने कातायचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा, बाहेर पाऊस धो धो. दहा मिनिटं सुंदर गेली, मग ‘टक्’ झालं आणि साग एका कोपऱ्यात, रेझिन दुसऱ्या. आधी पटाशीवर राग काढला, मग लेथवर. शेजारच्या गाळ्यातल्या काकांची उमर लोखंडी लेथवर गेलेली. त्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला. ‘‘ताई, हे तुटलं नाही. हे चिकटलंच नव्हतं.’’ जोडाची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती आणि तिच्यावर राईएवढ्या बुडबुड्यांची रांग.

तेव्हापासून लेथवर काही बिनसलं की मी आधी ओतण्याचा दिवस आठवते.

आपल्याकडे पहिला संशय लाकडावरच घ्यायचा. वखारवाला ‘एकदम सुकं’ म्हणून देतो, त्यात त्याचं काही खोटं नसतं. पण खाडीकाठच्या पावसाळी हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड हळूहळू १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं. रेझिनला तो १० च्या खाली हवा. पॉलियुरेथेन रेझिन असेल तर आणखी पंचाईत, पाण्याशी गाठ पडली की ते चक्क फेसाळतं. मी पेनाच्या मापाचे तुकडे जुन्या ओटीजीमध्ये १०० अंशांवर ठेवते आणि मधूनमधून वजन करते. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. मग झिपच्या पिशवीत बंद करून गार करायचं. उघड्यावर ठेवलंत तर ते पुन्हा हवेतलं पाणी पिणार, आणि गरम असतानाच ओतलंत तर रेझिन भलतंच लवकर घट्ट होणार. शिवाय लाकडाच्या छिद्रांतली हवा ओतल्यानंतर सावकाश वर येत राहते. म्हणून आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्यायचा, तो चिकट-घट्ट झाला की बाकीचं ओतायचं.

दुसरी चूक काट्याची. बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं, आपण हौसेने सोनाराचा काटा आणतो आणि १०० ग्रॅमला ५० ग्रॅम हार्डनर घालतो. पण ते प्रमाण बहुतेक वेळा मापाचं असतं, वजनाचं नाही. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका, त्यामुळे ५० ग्रॅममध्ये तो जास्त पडतो. जास्त हार्डनर म्हणजे लवकर वाळेल हा समज इथे चालत नाही. उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि ठोकळा आठवड्यानंतरही चिंगमसारखा. वजनाचं प्रमाण कंपनीच्या माहितीपत्रकात (डेटाशीटवर) वेगळं दिलेलं असतं, ते पाहा. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडा, मग सगळं दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतंच, तेच पुढे पेनावर मऊ डाग बनून येतं.

मिसळलेलं रेझिन कपात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. खोल कपात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, तापलं की आणखी वेगाने तापतं. एप्रिलच्या दुपारी माझा कप धुरावला होता. जाड ठोकळा हवा असेल तर जाड ओतण्यासाठीचं सावकाश जमणारं रेझिन घ्या किंवा थरांमध्ये ओता.

बुडबुडे दाबून टाकायला प्रेशर पॉट (कंप्रेसरने हवा भरायचं मजबूत भांडं) लागतो, साधारण ४० ते ६० पीएसआयचा. ‘घरचा कुकर चालेल का?’ हे मला दर वर्कशॉपला कोणीतरी विचारतंच. नाही चालणार. कुकर १५ पीएसआयच्या आसपास चालतो, त्यात कंप्रेसरची हवा भरणं म्हणजे जिवाशी खेळ.

सध्या वरमालेच्या पाकळ्यांची पेनं फार मागतात. ताजी पाकळी रेझिनमध्ये तपकिरी पडते, सिलिका जेलमध्ये पूर्ण सुकवूनच घाला. आणि ती ठोकळ्याच्या कडेला नको: लेथवर वरचा थर निघून गेला की पाकळी उघडी पडते आणि पटाशी तिला सोलून काढते. पारदर्शक रेझिनमध्ये आणखी एक फजिती होते. रिफिलसाठी आत बसवलेली पितळी नळी आणि गोंदाचे ओघळ बाहेरून स्वच्छ दिसतात. नळी बसवण्याआधी छिद्राला आतून रंग द्या.

छिद्र पाडताना ड्रिल वरचेवर बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर रेझिन तापून तडकतं. तडा बहुधा ड्रिल बाहेर पडतं त्या टोकाला जातो. म्हणून तुकडा जरा लांब ठेवा, ड्रिल आरपार नेऊ नका, शेवटचं टोक करवतीने कापून टाका.

आता लेथ. ठोकळ्यावर नख रुतत असेल तर कातू नका. स्विच लावण्याआधी हाताने एक फेरा फिरवून बघा. टूल रेस्ट जवळ, पटाशी धारदार. रेझिनच्या लांब फिती निघून कामाभोवती गुंडाळतात. त्या लेथ थांबवूनच काढायच्या. ओतताना नायट्राइलचे हातमोजे हवेतच, लेथवर मात्र कुठलेच हातमोजे नकोत. ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा किंवा अ‍ॅप्रनच्या आत खोचा. फेसशील्डबद्दल माझ्याकडे सवलत नाही.

पॉलिशला ओला पॉलिशपेपर वापरताना सागाचा भाग पाणी पितो आणि फुगतो. आधी त्यावर पातळ सुपरग्लूचे दोन हात द्या. पेपरच्या प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने घासा, म्हणजे गोल ओरखडे पुढच्या नंबरपर्यंत जात नाहीत.

आणि पेन हातात देताना सांगून ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बरीचशी रेझिन्स ५०-६० अंशांनाच नरम पडू लागतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.