रानफळांतल्या फळमाश्या ओळखण्यापूर्वीची तयारी

कोकणात पावसाळ्याच्या उत्तरार्धात रानपडवळ, रानतोंडली आणि शिवलिंगी यांच्या वेलांना फळे धरतात आणि थंडीत बोरे पिकतात, तेव्हा फळमाश्यांसाठी फळे गोळा करण्याची फेरी याच दिवसांत आखावी. जागा अभयारण्यात किंवा राखीव वनात असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हाती असावी.

केवळ गंधसापळ्यांवर विसंबू नये. मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाकडे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस या फळमाशीचे नर येतात आणि क्यू-ल्यूर या आमिषाकडे वेलवर्गीय फळांवरील झ्युगोडॅकस कुकुर्बिटी या जातीचे; पण सापळ्यात सापडलेला नर कोणत्या फळात वाढला हे त्यावरून कळत नाही. शिवाय त्याच वेलांवरची डॅकस सिलिएटस आणि बोरातली कार्पोमाया व्हेसुव्हियाना या जाती या दोन्हींपैकी कोणत्याच आमिषाला दाद देत नाहीत. त्यामुळे माशीने डंख करून अंडी घातलेली फळे आणून त्यांतून माशी निघेपर्यंत थांबणे, हाच नोंदीचा भक्कम पाया होय.

त्यासाठी प्रत्येक झाडाच्या फळांना स्वतंत्र डबा लागतो. तळाशी चाळून तव्यावर भाजलेली आणि निवलेली वाळू दोन बोटे पसरावी, म्हणजे फळातून उडी मारून बाहेर पडणाऱ्या अळ्यांना कोषात जाण्यास जागा मिळते. तोंडाला मलमल बांधावी आणि मुंग्यांसाठी डबे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावेत. फळांसोबत पानाफुलांची फांदी दाबून वाळवावी, कारण वनस्पतीचे नाव चुकले तर माशीची ओळख बरोबर असूनही नोंद वाया जाते. लेबल पेन्सिलीनेच लिहावे. बॉलपेनने लिहिलेली माझी एका फेरीतली सगळी लेबले अल्कोहोलमध्ये निळी झाली, आणि रानतोंडली कोणती नि रानपडवळ कोणते हे सांगायला कोणी उरले नाही.

माश्या निघाल्याबरोबर त्यांना मारण्याची घाई करू नये. साखर आणि ओला कापूस देऊन त्यांना चार-पाच दिवस जगवावे, कारण नव्या माशीचा रंग फिका असतो आणि ओळख तर पाठीवरच्या पट्ट्यांवरच बरीचशी अवलंबून असते: कुकुर्बिटीच्या पाठीवर तीन पिवळे पट्टे असतात, तर डॉर्सॅलिसच्या पाठीवर दोन्ही कडांना एकेक. त्यानंतर फ्रीझरमध्ये ठेवून माशी टाचणीवर लावताना ती मधोमध न टोचता उजव्या बाजूला टोचावी, नाहीतर मधला पट्टाच टाचणीखाली जातो. डॅकस वेगळी काढायची तर पोटाचे खंड पाहावेत. तिच्यात ते एकमेकांना जोडलेले असतात, बॅक्ट्रोसेरा आणि झ्युगोडॅकस यांत सुटे. दहापट भिंगाखाली पट्टे दिसतात, पण खंडांसाठी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाची सोय आधी करून ठेवावी.

प्रत्येक डब्यातल्या दोन-तीन माश्या डीएनए तपासणीसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळ्या ठेवाव्यात. एकाच तोंडल्यातून दोन जातीही निघू शकतात, तेव्हा पहिली ओळख पटली म्हणून बाकीच्या न तपासता टाकू नयेत. कोषातून माशीऐवजी एखादी बारीक परोपजीवी गांधीलमाशी निघाली, तर तीही त्याच क्रमांकाच्या वेगळ्या कुपीत जपून ठेवावी.