पटावरचे दाणे मोजताना या चुका टाळा

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत गेलं की ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, संख्या मात्र बऱ्याचदा चुकीची लिहिली जाते.

पहिला घोटाळा घाताचा. शेवटच्या घरात २ चा ६४ वा घात नसतो, ६३ वा असतो, कारण सुरुवात एका दाण्याने होते. बेरीज येते २ चा ६४ वा घात वजा १. शंका वाटली तर तीनच घरं घ्या: १ + २ + ४ = ७, म्हणजे आठाला एक कमी. कुठल्याही घरात आधीच्या सगळ्या घरांपेक्षा एकच दाणा जास्त असतो, हे मला या गणितातलं सर्वांत सुंदर वाटतं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. एक्सेलमध्ये हे गणित केलं की उत्तराच्या शेवटी पाच शून्यं दिसतात: १८४४६७४४०७३७०९६०००००. एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवतं, पुढचे शून्य करून टाकतं. वजा केलेला तो एक तर त्याला जाणवतही नाही. सेल कितीही रुंद करा, हरवलेले अंक परत येत नाहीत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकच वापरले तर अचूक उत्तर मिळतं. पण २ ऐवजी २.० लिहिलंत की तिथेही तोच घोळ.

उत्तर बरोबर आहे का, हे कागदावर तपासता येतं. २ च्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून एकक ६. एक वजा केला की ५. शिवाय घात सम असल्यामुळे या संख्येला ३ ने भाग जायलाच हवा. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७ येते, भाग जातो. एक्सेलच्या संख्येची ७० येते, तिथेच पितळ उघडं पडतं.

‘२ चा घात वजा १’ दिसलं की मूळ संख्या, असंही काही जण धरून चालतात. घातांक स्वतः मूळ नसेल तर अशी संख्या मूळ असूच शकत नाही. आपल्या दाण्यांच्या संख्येचे अवयव तर पाहण्यासारखे आहेत: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. या सहाही फर्माच्या संख्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६ आणि ३२ व्या घातात एक मिळवून येणाऱ्या. अशा सगळ्या संख्या मूळच असतात, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की सहावी संख्या ६४१ × ६७००४१७ आहे.

वाचताना ‘लाख कोटी कोटी’ करत बसू नका. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या स्थानांच्या यादीत परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. त्या मापाने हे दाणे १८४ परार्धांहून थोडे जास्त भरतात.