कान वाजतोय म्हणून शांतता शोधू नका : टिनिटसमध्ये होणाऱ्या चुका

विट्याच्या यंत्रमागावर उमेदीची वर्षं घालवलेले कामगार, साखर कारखान्यात टर्बाइनजवळ पाळी करणारे, सांगलीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचलेली पोरं. यांतल्या कित्येकांच्या कानात रात्री दिवा मालवला की शिट्टी सुरू होते. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला प्रेशर कुकर. आतल्या कानातल्या नाजूक पेशी गोंगाटाने किंवा वयाने झिजल्या की मेंदूकडे जाणारा आवाज कमी होतो. ती उणीव भरून काढायला मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा आवाज, म्हणजेच टिनिटस, निघतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शांतता शोधणं. माणूस कानात कापसाचे बोळे घालतो, टीव्ही बंद करायला लावतो, लग्नकार्य टाळतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणजे पूर्ण शांततेत चांगला कानही वाजतो, मग तुमचा का नाही वाजणार? यंत्रमागाजवळ आणि डीजेपुढे इअरप्लग हवेतच, तिथे कापूस पुरत नाही; घरात मात्र काहीच नको. रात्री उशाशी पंखा चालू ठेवा, पावसाचा आवाज लावा. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या मुलखात राहून मी तर तानपुऱ्याचंच नाव घेईन. त्याचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. फक्त आवाज इतका ठेवा की शिट्टी बुडणार नाही, तिच्याशेजारी तानपुराही ऐकू येईल. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय व्हायला वाव राहत नाही, असं मानतात.

दुसरी खोड म्हणजे तपासत राहणं. सकाळी उठल्या उठल्या 'आहे का अजून?' म्हणून कान देऊन ऐकलं की मेंदू तो आवाज धोक्याच्या यादीत टाकतो. धोका वाटला की छाती धडधडते, झोप उडते आणि जागरणाने शिट्टी आणखी ठळक होते. हे चक्र तोडायचं तर विचाराला हात घालावा लागतो. 'आता माझं सगळं संपलं' हा विचार मनात येताच पकडायचा आणि त्याला पुरावा मागायचा. कालही कान वाजत होता, तरी दुकान उघडलं होतं ना? कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी या मानसोपचारात हेच शिकवतात. उपचारांवरचं संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार या थेरपीने टिनिटसचा जगण्यावरचा त्रास कमी होऊ शकतो. आवाज मात्र तेवढाच राहू शकतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

गरम लसूणतेल कानात ओतू नका. जिन्कगो या झाडाच्या अर्काच्या आणि झिंकच्या गोळ्यांवरही पैसे घालू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांची शिफारस करू नये असंच सांगितलंय.

काही जण उलट टोकाला जातात. 'यावर औषध नाही' असं ऐकलं की तपासणीच करत नाहीत. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, जरूर करा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि शिट्टी मागे पडू शकते, पण 'म्हातारा दिसेन' म्हणून यंत्र खोक्यातच पडून राहतं! एकाच कानात आवाज येत असेल किंवा तो नाडीच्या ठोक्यासारखा असेल, तर तज्ज्ञांना दाखवाच. अचानक ऐकू यायचं कमी झालं तर त्याच दिवशी गाठा, कारण त्यावरच्या स्टेरॉइड उपचाराला उशीर परवडत नाही.

घरच्यांची चूक प्रेमातून होते. "अहो, आज कमी आहे का?" हा रोजचा प्रश्न विसरलेला आवाज पुन्हा आठवून देतो. त्याऐवजी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बरोबर चला, गप्पा पिकाच्या करा. पण माणूस जेवेनासा झाला, जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलू लागला, तर शेजारी बसून तेव्हाच विचारा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.