जॅझ ऐकायला सुरुवात कशी करावी? आधी यादी फेका, मग हे अल्बम घ्या

जॅझ ऐकायचं ठरवलं तेव्हा मी सगळेच करतात ते केलं. ‘सर्वश्रेष्ठ शंभर अल्बम’ छापाची एक यादी मिळवली आणि त्यातलं सगळ्यात भारदस्त नाव उचललं: ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’. आठ वादक, दोन चौकड्या, एक डाव्या कानात आणि एक उजव्या, सदतीस मिनिटं न थांबता. पाचव्या मिनिटाला आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “कुकर तुझ्या खोलीत लावलायस का रे?” त्यानंतर दोन वर्षं मी जॅझच्या वाटेला गेलो नाही.

चूक अल्बमची नव्हती, क्रमाची होती. ख्याल कधीच न ऐकलेल्या माणसाला आपण थेट अनवट जोडराग ऐकायला बसवत नाही. खाली दिलेला क्रम मी स्वतःवर आणि नंतर दोन-तीन मित्रांवर वापरून पाहिला आहे. एका आठवड्याला एकच अल्बम.

सुरू करण्याआधी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. जॅझचा कणा म्हणजे डबल बेस. तो माणसाच्या उंचीचा असतो आणि बोटांनी छेडून वाजवतात. फोनवर त्याचा आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. साधा इअरफोनही चालेल. ॲपमधलं शफल बंद करा. अल्बम संपल्यावर आपोआप काहीतरी दुसरं लागतं, तेही बंद करा. एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतील. त्यांतली कमीत कमी ट्रॅकची घ्या. ‘डिलक्स’ आवृत्तीत एकच रचना तीनदा येते, आणि नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

पहिला आठवडा: गळ्यापासून सुरुवात

‘एला अँड लुई’, १९५६. एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. एकीचा आवाज घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यासारखा, दुसऱ्याचा खरखरीत. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. शब्द आहेत, चाली गोड आहेत, त्यामुळे धरायला काहीतरी मिळतं. एकच काम करा: आर्मस्ट्राँग आधी गातो आणि मग ट्रम्पेट उचलतो, तिथे कान द्या. चाल तीच, पण तो ती जागा बदलून, मागेपुढे करून म्हणतो. जॅझमधला विस्तार तुम्हाला इथेच भेटला. या अल्बमबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही, तो नुसता आवडतो.

दुसरा आठवडा: मात्रा मोजा

‘टाइम आउट’, डेव्ह ब्रूबेक चौकडी, १९५९. अमेरिकन कानाला हा अल्बम विचित्र वाटला होता, कारण त्यात सवयीच्या चार मात्रा सोडून भलतेच ताल आहेत. झपताल-रूपकवर वाढलेल्या आपल्या कानाला उलट तो सोपा जातो. पहिलीच रचना लावा, ‘ब्लू राँडो आ ला टर्क’. टेबलावर बोटांनी वाजवा: टक-टक, टक-टक, टक-टक, टक-टक-टक. दोन-दोन-दोन-तीन, नऊ मात्रा. असं तीनदा झालं की चौथ्या वेळी त्याच नऊ मात्रा तीन-तीन-तीन अशा पडतात. ब्रूबेकने ही लय इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती.

मग ‘टेक फाइव्ह’. ही पॉल डेसमंडची रचना पाच मात्रांची आहे, तीन अधिक दोन. जो मोरेलोच्या ड्रमचा एकल भाग सुरू झाला तरी मोजणं सोडू नका. पियानो आपला मुकाट्याने पाच मात्रा धरून बसलेला असतो, तबलावादनाला पेटीने लेहरा धरावा तसा.

तिसरा आणि चौथा आठवडा: इथे मुक्काम

‘काइंड ऑफ ब्लू’, माइल्स डेव्हिस, १९५९. पाच रचना, सुमारे पाऊण तास. या एका अल्बमला मी दोन आठवडे देतो, आणि त्यातही पहिला आठवडा फक्त पहिल्या रचनेला: ‘सो व्हॉट’.

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी दोन (पांढऱ्यांतली दुसरी पट्टी) हा सा धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वर जा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. (राग काफी नव्हे, नुसता थाट.) ‘सो व्हॉट’ यावरच उभी आहे. आठ-आठ बारचे (इथे एक बार म्हणजे चार मात्रा) चार तुकडे मिळून एक आवर्तन होतं. पहिले दोन तुकडे पांढरी दोनवर. तिसऱ्या तुकड्यात अख्खा थाट अर्धा स्वर वर सरकतो, म्हणजे सा काळी दोनवर जातो. चौथ्यात परत खाली. एवढाच सांगाडा.

आता ऐका. सुरुवातीला पियानो आणि बेस अंधारात चाचपडल्यासारखे. मग बेस प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. सवाल-जवाब. बेस म्हणजे पॉल चेंबर्स. दीडेक मिनिटाने माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी जिमी कॉबच्या झांजेचा एक टोला पडतो. तो थोडा जास्तच जोरात पडलाय, पण त्याची आस विरत जाते आणि तिच्यावर ट्रम्पेट तरंगतो. इथून बोटं मोजा. माइल्स दोन आवर्तनं घेतो. त्यानंतर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल ॲडर्ली दोन, पियानोवर बिल इव्हान्स एक. सा वर सरकतो ती जागा पहिल्यांदा निसटेल, दुसऱ्यांदाही निसटेल. चौथ्या-पाचव्यांदा मान आपोआप वर होते. मला ती पहिल्यांदा सापडली ती बसमध्ये, आणि मी शेजारच्या माणसाकडे बघून हसलो. त्याने पिशवी घट्ट धरली.

दोन सॅक्सोफोन ओळखायची सोय इअरफोनवर आहे: एक एका कानात वाजतो, दुसरा दुसऱ्या. कोल्ट्रेन सूर भरून टाकतो, एकही जागा मोकळी सोडत नाही. ॲडर्ली मोकळाढाकळा, मिश्कील. आणि माइल्स? तो किती वाजवत नाही ते ऐका.

एक खबरदारी. हा अल्बम मार्च आणि एप्रिल १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. मार्चच्या दिवशी टेपयंत्र जरा हळू चाललं होतं, त्यामुळे त्या दिवसाच्या तीन रचना जुन्या तबकड्यांवर किंचित चढ्या सुरात वाजतात. ही चूक १९९० नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तेव्हा जुन्या तबकडीबरोबर पेटी जुळेना, तर पेटीवाल्याला दोष देऊ नका.

पाचवा आठवडा: मागे जा

लुई आर्मस्ट्राँगची १९२५ ते १९२८ मधली ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ ही ध्वनिमुद्रणं. एखादा संग्रह घ्या. खरखर येईल, जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकलेल्यांना ती सवयीची आहे. प्रत्येक रचना जेमतेम तीन मिनिटांची, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. आपल्या गवयांनीही त्याच तीन मिनिटांत बंदिश, आलाप, ताना सगळं कोंबलं होतं. लाँग प्ले तबकडी आली १९४८ मध्ये. ‘सो व्हॉट’ला नऊ मिनिटं मिळाली ती तिच्यामुळे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ची (१९२८) सुरुवात मात्र दहा वेळा ऐका: साथीला कोणी नाही, एकटा ट्रम्पेट, पंधरा सेकंदांच्या आत.

सहावा आठवडा: गर्दी आणि प्रार्थना

आता दोन अल्बम एकत्र चालतील. चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह उम’, पुन्हा १९५९ चाच. यात चर्चमधल्या आरोळ्या आहेत, टाळ्या आहेत, आणि ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ आहे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग त्याच वर्षी मार्चमध्ये गेला, त्याच्यासाठीचं हे शोकगीत.

मग जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६४, चार भाग, एकूण तेहतीस मिनिटं. पहिल्या भागात बेस चार सुरांचा एक तुकडा धरतो. कोल्ट्रेन तो तुकडा उचलून बाराही स्वरांवरून फिरवतो आणि शेवटी सॅक्सोफोन खाली ठेवून त्याच तुकड्यावर ‘अ लव्ह सुप्रीम’ हे शब्द तोंडाने जपू लागतो. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. ती तो म्हणत नाही, शब्दागणिक सॅक्सोफोनवर वाजवतो. ती कविता अल्बमच्या वेष्टनावर छापलेली आहे; समोर धरून ऐका, शब्द आणि सूर जुळताना दिसतील. कोल्ट्रेनला रविशंकरांबद्दल इतका आदर होता की त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं.

‘फ्री जॅझ’कडे यानंतर जायचं, आणि तेही थेट नाही. आधी त्याच कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ (१९५९). यात पियानोच नाही, त्यामुळे सुरांना कुठलंच कुंपण नाही. ‘लोनली वुमन’ आवडलं तर पुढे जा, नाही आवडलं तर नका जाऊ. मी अजूनही ‘फ्री जॅझ’ वर्षातून एकदाच लावतो, आई देवळात गेल्यावर.

दुसऱ्या कुठल्या संगीतासाठी

क्रम हाच ठेवा: आधी गोड आणि गाता येईल असं, मग सगळे ज्याचं नाव घेतात ते, मग मुळाकडे, अवघड शेवटी. क्यूबन संगीताला ‘ब्वेना विस्ता सोशल क्लब’ (१९९७) हे उत्तम दार आहे. रेगेला बॉब मार्लीचा ‘कॅच अ फायर’ (१९७३). ब्लूजमध्ये मात्र रॉबर्ट जॉन्सन पहिल्याच दिवशी लावू नका. १९३६-३७ मधली ती एकोणतीस गाणी फार एकटी आहेत.

सहा आठवडे झाल्यावर

१९५१ चा ‘अलबेला’ काढा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. ‘दीवाना परवाना’ लावा आणि गीता बाली-भगवानदादांवरची नजर काढून मागच्या वादकांकडे वळवा. त्यात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आहे, मूळ नाव अँतोनिओ झेवियर वाझ, गोव्याचा. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पहिल्यांदा नुसता ट्रम्पेट ऐका, दुसऱ्यांदा नुसता ठेका. भगवानदादांचा नाच तिसऱ्यांदा.