वेगानं वाढणारा पाइन किती वर्षं जगतो? लावताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात सांगलीजवळच्या एका फार्महाऊसवर वाळलेला पाइन उपटून काढला. चार वर्षांचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेलेलं. मुळांवरची माती झटकली तर आत अजून रोपाच्या पिशवीचाच आकार! मुळं गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली. मालकांनी विचारलं, "याचं आयुष्यच एवढं का हो?"

नाही. मूळचा कॅलिफोर्नियाचा रेडिएटा पाइन फार झपाट्यानं वाढतो. न्यूझीलंडमध्ये तो लाकडासाठी 25-30 वर्षांत तोडतात, म्हणून तेवढंच त्याचं आयुष्य असा समज होतो. न तोडलेलं झाड साधारण 80 ते 100 वर्षं जगतं. त्याच कॅलिफोर्नियात उंच, थंड डोंगरावर वर्षाला जेमतेम वाढणारे ब्रिसलकोन पाइन आहेत. त्यातलं एक 4,800 वर्षांहून जुनं. सावकाश वाढलेलं लाकूड घट्ट आणि राळेनं भरलेलं असतं, किडीला आणि बुरशीला सहजी दाद देत नाही.

घेताना ओळख पटवा. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारं, मजल्यावर मजले चढवल्यासारखं झाड बहुधा अरौकेरिया असतं. तो खरा पाइन नव्हे. सुरूचं झाडही खरा पाइन नव्हे. सुरूची सुई ओढली की सांध्यावर सुटते. पाइनच्या सुया जुडीनं येतात, हिमालयातल्या चीर पाइनच्या जुडीत तीन.

सगळ्यात जास्त झाडं मात्र पाण्यानं जातात. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि पाइनची मुळं गुदमरतात. त्यात उसासारखं रोज ठिबक सोडलं तर मग संपलंच. मुरूम मिसळून उंचवटा करा, झाड त्यावर लावा, वाफसा आल्याशिवाय पाणी देऊ नका. पिशवी फाडून गुंडाळलेली मुळं मोकळी करा, फार जाड झाली असतील तर ते रोप घेऊच नका. माझं स्पष्ट मत, सांगली-मिरजेकडे पाइनचा हट्ट नको. पाचगणी-महाबळेश्वरच्या उतारावर त्याला निदान थंडावा आणि निचरा मिळतो.

शेंडा छाटू नका. बहुतेक पाइनना जुन्या लाकडावर फुटवा येत नाही.

आतल्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळल्या तर घाबरू नका, ते नेहमीचंच. शेंड्याकडून वाळत आलं, तर बुंध्याशी उकरून मुळं बघा: काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी त्याच दिवशी बंद करा.

आणि लावण्याआधी दोन फूट खड्डा पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं, तर तिथं पाइन लावू नका.