सोफ्यावर बसलं की माउस का अडखळतो: या दुरुस्तीला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर, समोर तीन मीटरवर सोफा आणि मांडीवर वायरलेस कीबोर्ड-माउस अशी मांडणी असली की तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: खोक्यावर दहा मीटर लिहिलंय, मग तीन मीटरवर का चालत नाही? या कामात नवे असाल तर पहिला मोह होतो माउस बदलून बघण्याचा. तो आवरा. खोक्यावरचे दहा मीटर मोकळ्या जागेतले असतात. इथे रिसीव्हर, म्हणजे माउसचे संदेश ऐकणारा यूएसबीचा छोटा तुकडा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात, लोखंडी पत्र्याला चिकटून, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, आणि शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क फिरत असते. माउस पुरेसा बोलतोय, रिसीव्हरला ऐकू येत नाहीये. दुरुस्ती जवळजवळ नेहमी ऐकणाऱ्याच्या बाजूला असते.

पण आधी दोष नक्की रेंजचाच आहे का, ते ठरवा. हाताची हालचाल आणि कर्सर यांत कायम सारखाच उशीर जाणवत असेल, तर संशय टीव्हीवर घ्या. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत टीव्ही वेळ खातो; गेम मोड चालू केला की फरक लगेच कळतो. वायरचा माउस लावूनही उशीर तसाच राहिला, तर रेडिओचा विषय तिथेच संपला. रेंजचा दोष वेगळा दिसतो. कर्सर नीट चालता चालता थबकतो आणि मग उडी मारून पुढे जातो. कीबोर्डवर की दाबल्याचा संदेश पोचतो, सोडल्याचा हरवतो, आणि गेममधलं पात्र भिंतीला डोकं लावून पळतच राहतं.

खात्रीची चाचणी सोपी आहे. माउस उचलून रिसीव्हरपासून २० सेंटिमीटरवर न्या आणि पाच मिनिटं तिथेच वापरा. तिथे सुरळीत चालून सोफ्यावर अडखळत असेल, तर रेंजचा दोष पक्का. तिथेही अडखळत असेल तर बॅटरी, सेन्सर किंवा पॉवर सेव्हिंगकडे वळा. सेन्सरसाठी सोफ्यावरच माउसखाली जाड पुठ्ठा ठेवून बघा. मखमली किंवा झुलणाऱ्या कापडावर ऑप्टिकल सेन्सरचं पृष्ठभागापासूनचं अंतर सतत बदलतं आणि कर्सर उड्या मारतो. पुठ्ठ्यावर बरा झाला, तर कडक माउसपॅड किंवा लाकडी लॅपबोर्ड एवढाच इलाज. धातूचा लॅपबोर्ड मात्र घेऊ नका, तो अँटेनाच्या अगदी खाली येतो.

आता मुख्य दोषी. वायरलेस माउस, ब्लूटूथ आणि वाय-फायचा जुना २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हे सगळं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढ्याच जागेत दाटीवाटीने राहतं. यूएसबी ३.० चा डेटा ५ गिगाबिट वेगाने धावतो आणि त्यातून निसटणारा गोंगाट या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण काढलं होतं, यूएसबी ३.० च्या उपकरणाजवळ गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने वाढू शकते, असं त्यात मोजून दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट शक्ती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, दहा पट झालं की २० ने. म्हणून गोंगाट २० डेसिबलने वाढला की दहा मीटरची रेंज एक मीटरवर येते. तीन मीटरवरचा सोफा त्यात कुठे बसणार?

पडताळायचं असेल तर सोफ्यावर बसून माउस हलवत राहा आणि दुसऱ्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला सांगा. कॉपी सुरू झाली की कर्सर अडखळतो आणि संपली की ताळ्यावर येतो, असं झालं तर निदान पूर्ण. गोंगाट पोर्टातून, कनेक्टरच्या फटीतून आणि हलक्या दर्जाच्या केबलमधून येतो, म्हणून नुसता शेजारचा पोर्ट बदलून फारसं काही मिळत नाही. निळ्या यूएसबी ३.० पोर्टाऐवजी काळा यूएसबी २.० पोर्ट वापरणं हे बरं पहिलं पाऊल आहे, पण मागच्या पट्टीवर दोघांमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर असतं.

खरा इलाज एक्स्टेन्शन केबल. साधी यूएसबी २.० ची, एका टोकाला नर आणि दुसऱ्याला मादी असलेली. ३.० ची घ्यायची गरज नाही. तिच्यातल्या जादा तारा रिसीव्हर वापरतच नाही. लांबी दीड ते तीन मीटर पुरते. यूएसबी २.० मध्ये केबलची मर्यादा ५ मीटर आहे. रिसीव्हरला स्वतःची केबल नसते, त्यामुळे ती जवळजवळ सगळी लांबी तुमच्या हातात असते. पण कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टापर्यंत आतून एक वायर आधीच आलेली असते, हे विसरू नका. लांब केबल मागच्या पोर्टात लावा. दोन-तीन तुकडे एकाला एक जोडून लांबी वाढवू नका, प्रत्येक सांधा पुढे दुखणं होतो. केबलच्या अंगावर २८ आणि २४ असे गेजचे आकडे छापलेले दिसले तर तीच उचला: पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या. आकडा लहान तितकी तार जाड. विजेच्या ताराही २८ च्या असतील तर लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. ५ मीटरच्या पुढे जायचं असेल, तर मध्ये सिग्नल ताजा करणारी चिप असलेली ॲक्टिव्ह केबल लागते.

केबल आणली आणि रिसीव्हर टीव्हीच्या मागे लोंबकळत सोडला, ही नवख्यांची हमखास चूक. मग केबल कुचकामी म्हणून शिक्का बसतो. रिसीव्हरला सोफा दिसला पाहिजे, इतकं साधं आहे. टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेवर किंवा त्याहून चांगलं म्हणजे मधल्या टेबलाच्या कडेखाली तो दुहेरी टेपने चिकटवा. टेबल मात्र लाकडी हवं. जमिनीवर नको, स्पीकरच्या मागे नको, धातूच्या पायाला टेकलेला तर मुळीच नको. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी आणि पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे रिसीव्हर आणि माउस यांच्यामध्ये गुडघे येतात तेव्हाही फरक पडतो. तीन मीटरवरचा रिसीव्हर ३० सेंटिमीटरवर आणला की सिग्नल २० डेसिबलने वाढतो. म्हणजे यूएसबी ३.० ने जेवढं नेलं होतं तेवढं एका केबलने परत मिळतं, शिवाय गोंगाटापासून लांब गेल्याचा फायदा वेगळा. गेमिंग माउसच्या माहितीपत्रकात रिसीव्हर २० सेंटिमीटरच्या आत ठेवा असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं. वाचत कुणी नाही.

इतकं करूनही एखाद्याच जागी अडखळत असेल, तर रिसीव्हर ३ ते ६ सेंटिमीटर बाजूला सरकवा किंवा ९० अंशांत वळवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या बिंदूवर एकमेकींना खोडतात आणि चार बोटं पलीकडे एकमेकींना बळ देतात. जादू वाटते, पण आहे हे भौतिकशास्त्रच.

सोफ्याजवळ हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा, ठेवायची कल्पना चांगली आहे, गेमपॅडही तिथेच चार्ज होतो. पण तो हब २.० चा घ्या. ३.० चा घेतलात आणि त्यात पेनड्राइव्ह लावलात, तर जो गोंगाट कॅबिनेटपाशी होता तो तुम्ही हाताने उचलून सोफ्यापाशी आणलात. कीबोर्ड, माउस आणि हेडसेट यांचे तीन डोंगल, म्हणजे रिसीव्हर, एकमेकांना चिकटून लावू नका; एक बोलतो तेव्हा शेजारच्याचे कान बधिर होतात. निदान २० सेंटिमीटर अंतर ठेवा. किंवा एका रिसीव्हरवर अनेक उपकरणं चालणारी जोडी घ्या: लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरवर सहापर्यंत जोडता येतात.

पोलिंग रेट, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो, त्याकडेही बघा. १००० हर्ट्झला माउस दर मिलिसेकंदाला माहितीचं एक पाकीट पाठवतो. पाकीट हरवलं तर पुन्हा पाठवायला वेळच उरत नाही. ५०० वर दोन मिलिसेकंद मिळतात, १२५ वर आठ. सोफ्यावरून खेळताना ५०० आणि १००० मधला फरक हाताला कळणं कठीण आहे, अडखळणं मात्र लगेच कळतं. ८००० हर्ट्झचा माउस असेल तर सोफ्यावर तो आकडा खाली आणाच. तेवढ्या वेगाला यूएसबीचा ४८० मेगाबिटचा वेग लागतो आणि लांब, हलकी केबल तिथे आधी हात टेकते.

ब्लूटूथचं प्रकरण निराळं. डेस्कटॉपवर ब्लूटूथ हातभर अंतरावरच तुटत असेल, तर सेटिंग उघडण्याआधी कॅबिनेटच्या मागे जा. मदरबोर्डच्या पट्टीवर सोनेरी आट्यांचे दोन कनेक्टर दिसतील. बहुतेक वेळा ते उघडे असतात आणि अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात, पिशवीतून न काढलेल्या, पडून असतात. ‘वाय-फाय वापरत नाही, वायर लावलीय’ म्हणून त्या लावलेल्या नसतात. पण वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि त्याच अँटेना वाटून घेतात. दोन्ही लावा, बोटांनी आवळा, पक्कड नको. तळ असलेली अँटेना असेल तर कॅबिनेटच्या वर, सोफ्याला दिसेल अशी ठेवा.

कनेक्टरच नसतील तर ब्लूटूथ डोंगल घ्या आणि तोही एक्स्टेन्शनवरच लावा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ अडॅप्टर चालवतं, म्हणून आतला अडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करा, नाहीतर जोडणी कुणाशी झाली याचा पत्ता लागत नाही. जोडणीच्या चाव्या अडॅप्टरगणिक वेगळ्या असतात, त्यामुळे सगळी उपकरणं नव्याने जोडावी लागतील. क्लास १ चा, म्हणजे सर्वाधिक शक्तीच्या गटातला, १०० मिलिवॉटचा डोंगल बघून भुलू नका: कॉम्प्युटरचा आवाज मोठा होईल, माउसचा आहे तेवढाच राहील. अशा डोंगलचा फायदा झालाच तर तो मोठ्या अँटेनामुळे.

राउटर टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हरच्या शेजारी असेल तर दोन मीटर तरी लांब न्या. जमत नसेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. ४० चा चॅनल जवळजवळ अर्धा पट्टा गिळतो. १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनल पक्का करा आणि खेळायचा कॉम्प्युटर वायरवर किंवा ५ गिगाहर्ट्झवर टाका. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तक्रार ठरावीक वेळीच येत असेल तर तेवढ्यापुरता त्याच्यावर संशय घ्या. एचडीएमआयही कधीकधी यात असतं: रास्पबेरी पाय ४ वर २५६० बाय १४४० चं चित्र लावलं की वाय-फाय बंद पडायचं, हे २०१९ मध्ये बऱ्याच जणांनी अनुभवलं. पातळ, बिनशील्डची एचडीएमआय केबल रिसीव्हरवरून गेली असेल तर ती बाजूला घ्या.

बॅटरीवर फार वेळ घालवू नका. झिंक-कार्बनचे स्वस्त सेल काढून अल्कलाइन घाला. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, त्यामुळे काही उपकरणं बॅटरी कमी असल्याची सूचना लवकर देतात. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती गळालेला अल्कली असते. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि कोरडं झाल्यावरच सेल घाला.

थोडा वेळ हात न लावता ठेवलं की माउसची पहिली हालचाल गिळली जाते, एवढीच तक्रार असेल तर ती रेंज नव्हे, झोप आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. माउस स्वतःही झोपतो. ते फारसं बदलता येत नाही.

काही उद्योग करूच नका. रिसीव्हर फोडून त्याला तार सोल्डर करणं हा त्यातला पहिला. आतली छापील अँटेना मोजून मापून जुळवलेली असते; तार जोडली की जुळणी बिघडते आणि रेंज बहुधा कमीच होते. ॲल्युमिनियमची फॉइल मागे लावली तर कधी बरं होतं, कधी बिघडतं, आणि ती पोर्टात सरकली तर शॉर्ट. कीबोर्डच्या तळाच्या लेबलवर २७ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तर तो फार जुना प्रकार आहे. त्याची धाव मीटर-दोन मीटर, सोफ्यासाठी तो बदलायलाच हवा.

काम संपल्यावर उभ्याने माउस हलवून निघू नका. सोफ्यावर बसा, कीबोर्ड मांडीवर घ्या, हार्ड डिस्कवर फाइल कॉपी लावा, वाय-फायवर मोठं डाउनलोड सुरू करा, समोरून कुणाला तरी ये-जा करायला सांगा आणि दहा मिनिटं खरा गेम खेळा. मग केबल कडेने चिकटवा आणि ज्या पोर्टात ती लावली त्यावर लेबल डकवा, नाहीतर पुढच्या साफसफाईत रिसीव्हर पुन्हा हार्ड डिस्कच्या शेजारी जाऊन बसेल.