शुक्रवारी एकच पातेलं

पहिल्या वर्षी उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांतल्या, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मी कोळंबी तळली. शिवाय दोन भाज्या, कोशिंबीर, वर गोड. दुपारभर ओट्याशी उभी होते आणि देवाची आठवण एकदाही झाली नाही. नियम मोडला नव्हता, मासळी मांसात धरत नाहीत. पण त्याला उपवास कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तेव्हापासून शुक्रवारी शेगडीवर एकच पातेलं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधीच एक पदार्थ ठरवून टाका आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) धरून सातही शुक्रवार तोच करा. ‘आज काय करू’ ही रोजची किरकिर तिथेच संपते.

माझी मसूर आहे. एक वाटी लाल मसूरडाळ, तीन वाट्या पाणी, दोन कांदे, चार लसूणपाकळ्या, चमचाभर तेल, मीठ. कुकर नको, शिट्ट्या मोजत बसलं की मन तिकडेच. फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. डाळ ताटात पसरून बोटाने निवडा, पाकिटातली स्वच्छ असली तरी. उकळी फुटली की वर पांढरट फेस येतो, तो डावाने काढत राहा. वीसेक मिनिटांत डाळ मऊ होते.

खरी परीक्षा कांद्याची. मंद आचेवर तो सोनेरी व्हायला पंधरा मिनिटं तरी लागतात. आच वाढवलीत की कडा करपतात आणि आतून कच्चा राहतो. तेवढ्या वेळात मी बायबलमधलं एक्कावन्नावं स्तोत्र सावकाश म्हणते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मधेच मन विजेच्या बिलावर जातं. जाऊ दे. कांदा हलवायचा आणि सुटलेल्या ओळीवर परत यायचं.

वाढताना पहिली वाटी घरात नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, असं स्पष्ट आहे. म्हणून आम्ही दोघं असलो तरी तिघांचं शिजवते आणि तिसरा वाटा आधी डब्यात भरते. शेवटी भरायला गेलं की उरलंसुरलं दिलं जातं, हा माझाच अनुभव.

मधुमेह असेल, पोटुशी असाल, तर पोटभर खा. पदार्थ साधा ठेवलात तरी पुरे. आणि बाहेर कुणाला ‘आज माझा उपवास’ सांगत फिरू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडायला सांगतो.

भांडी लगेच घासा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळायला सांगितली होती. तळाला लागलेलं पातेलं खरवडताना मला ते फारसं पटत नाही, तरी घासते.

कोळंबी आता रविवारी करते. रविवार त्या 40 दिवसांत धरत नाहीत.